कापडी पानांची उलट बाजू

भरतकाम केलेली कापडी पाने ग्रंथ म्हणून कशी बांधावीत आणि कशी मांडावीत, हा प्रश्न मराठी विभागाच्या कक्षेत येतो काय, अशी शंका आमच्या एका सहकाऱ्यांनी नुकतीच उपस्थित केली. गृहविज्ञान विभागाने तो सोडवावा, फार तर ग्रंथालयाने, असे त्यांचे म्हणणे. मला ते मान्य नाही. संहिता कोणत्या रूपात टिकते, तिची कोणती बाजू वाचकासमोर येते आणि कोणती झाकली जाते, हा साहित्याच्या अभ्यासकाचाच प्रश्न आहे. संहिता कागदावर आहे की मांजरपाटावर, याने त्यात फरक पडू नये.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. महाविद्यालयांतून 'हस्तलिखित' काढण्याची परंपरा वाचकांना ठाऊक आहेच. आमच्या एम. ए.च्या वर्गाने गेल्या वर्षी हे हस्तलिखित कापडावर काढायचे ठरविले. अट एकच होती: घरातील एखाद्या स्त्रीने सांगितलेला मजकूर, तिच्याच शब्दांत, दोऱ्याने लिहायचा. कापड इतवारीतून आणले. वारांची नावे घेऊन नांदणाऱ्या या शहरात (इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी) कापड घ्यायचे म्हणजे पावले इतवारी-गांधीबागेकडेच वळतात. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचे कापड आता मिळत नाही. दुकानदाराने दाखविलेला मांजरपाट कुठला होता ते त्यालाही सांगता आले नाही. असो. कापड दोनदा धुऊन कांजी काढली, कारण कांजीला कसर लागते. लाल आणि काळे दोरे आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून रंग जातो का ते पाहिले. चार महिन्यांत बावीस पाने तयार झाली.

त्यानंतर महाविद्यालयात मूल्यांकन समिती यायची ठरली आणि हस्तलिखिताचे दिवस पालटले. 'व्हिजिबल' काहीतरी हवे होते. दिवाळीच्या सुटीत कोणीतरी उत्साहाने चार पाने उचलली, हार्डबोर्डावर फेविकॉलने डकवली आणि काचेच्या चौकटीत घालून प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर टांगली. उरलेली अठरा विभागाच्या कपाटात कुलपाखाली होती, म्हणून वाचली. चौकटी सुबक होत्या, हे मान्य केले पाहिजे. समितीला त्या आवडल्याही.

त्या चार पानांपैकी एकाबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे. विद्यार्थिनी कोष्टी कुटुंबातील. तिच्या आईचे आयुष्य मागासाठी कांड्या भरण्यात गेले. सहीपुरती अक्षरे तिला येतात, त्यापलीकडे नाही. आईने मागावरच्या दिवसांची हकिकत सांगायची, मुलीने ती पेन्सिलीने कापडावर उतरवायची आणि टाके पुन्हा आईनेच घालायचे, असे त्यांनी ठरविले. पान पूर्ण झाल्यावर मुलीने ते विभागात आणून दिले. वर्गात ते हातोहात फिरत असताना कोणीतरी उलटे केले, आणि मग बराच वेळ कोणी ते सुलट केलेच नाही. मागच्या बाजूला दोऱ्याचा प्रवास स्पष्ट दिसत होता. बाईंनी एकेक अक्षर लिहिलेच नव्हते. ओळीवरच्या सगळ्या शिरोरेषा आधी, एका दमात, उलट्या टिपेने. मग सगळे काने आणि दंड, एकापासून दुसऱ्यापर्यंत दोरा मागून ओढत. आणि वाटोळी वळणे सर्वांत शेवटी. आपण लिहितो तेव्हा अक्षरे होतात, शब्द होतो, मग वर रेघ ओढली जाते. येथे क्रम संपूर्ण उलटा. दोरा वाया जाऊ द्यायचा नाही, ही कांडी भरणाऱ्या हाताची शिस्त. तिने देवनागरीची फोड तिच्या पद्धतीने केली होती. 'ळ' पाशी तर दोरा तीनदा उसवून पुन्हा घातल्याची भोके होती.

पुढच्या बाजूने हे काहीही कळत नाही. तेथे फक्त नीटनेटका मजकूर आहे. आता मागच्या बाजूला फेविकॉल आहे.

संहिताचिकित्सा शिकविणाऱ्यांना यात काय गमावले ते निराळे सांगायला नको. हस्तलिखितातील खाडाखोड, समासातील भर, वेगळ्या शाईतली दुरुस्ती यांवरून आपण लेखनाचा क्रम जुळवू पाहतो. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागची पोथ्यांची जुळवाजुळव याच नागपूरच्या विद्याजगतातील आहे आणि आमचे विद्यार्थी पाठभेद म्हणजे काय ते त्याच्याच आधारे शिकतात. कापडी पानाची उलट बाजू म्हणजे त्या पानाचा कच्चा खर्डा होय. तो निराळ्या वहीत नसतो, त्याच पानाला चिकटून असतो. 'टेक्स्ट' या शब्दाच्या मुळाशी विणणे आहे, 'सूत्र' म्हणजे दोरा, 'ग्रंथ' म्हणजे गाठ, हे आपण दर जुलैत नव्या वर्गाला सांगतो. बार्थचे नावही घेतो. आणि खरोखरचा दोरा आणि खरोखरची गाठ समोर आली की ती गृहविज्ञान विभागाकडे पाठवतो!

याला आणखी एक बाजू आहे. न लिहिणाऱ्या बाईचा मजकूर आपल्यापर्यंत येतो तो बहुधा दुसऱ्याच्या हातून. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेव आणि कुटुंबीयांनी उतरवून ठेवली नसती तर १९५२ चे ते पुस्तक निघाले नसते. हे ऋण मोठेच आहे. पण कागदावरचे अक्षर बहिणाबाईंचे नाही, हेही तितकेच खरे. कापडी पानावरचे अक्षर मात्र त्या बाईच्या हातचे असते, मग पेन्सिलीचा नमुना कोणी का दिलेला असेना. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एलिझाबेथ पार्कर नावाच्या मोलकरणीने सुमारे १८३० मध्ये भरलेले कापड आहे: तांबड्या रेशमाच्या बारीक फुल्यांत, एकही नक्षी न काढता, स्वतःवरच्या अत्याचाराची आणि आत्महत्येच्या विचाराची कबुली, आणि वाक्य अर्ध्यावर तुटलेले. ग्रेट यार्माउथच्या वर्कहाउसमधील वेडसरांच्या कक्षात ठेवलेल्या लोरिना बुल्वर या बाईने विसाव्या शतकाच्या आरंभी काही मीटर लांबीची पत्रे भरली. सगळी मोठ्या लिपीत, विरामचिन्ह एकही नाही. ही कापडे आज आत्मचरित्राच्या अभ्यासात वाचली जातात. आपल्याकडे अशी कापडे झालीच नसतील असे मला वाटत नाही. ती बोहारणीच्या गाठोड्यात गेली असतील, इतकेच. एका पातेल्याच्या बदल्यात काय काय गेले याचा हिशेब कोण ठेवणार?

आपल्याकडे भरतकाम मांडण्याची एक पद्धत होतीच. ती म्हणजे रुखवत. लग्नघराच्या एका कोपऱ्यात, टेबलांवर वा सतरंजीवर, मुलीच्या हातचे सगळे एका दिवसापुरते मांडायचे: उशांचे अभ्रे, रुमाल, क्रोशाची तोरणे, कर्नाटकी कशिद्याचे चोळखण. आल्यागेल्याने वाकून पाहावे, उलटून टाके मोजावेत, नावे ठेवावीत, वाखाणावे. येथे उलट बाजूला फार मान होता. जाणत्या बायका आधी मागची बाजूच पाहत, कारण हात किती साफ आहे ते तेथे कळे. दुसऱ्या दिवशी सारे पेटीत जाई. रुखवतात मुलीच्या गुणांचा बाजार मांडलेला असे, आणि तिला स्वतःचे असे काही तेथे म्हणता येत नसे. म्हणून ती प्रथा जशीच्या तशी परत आणावी असे मी म्हणणार नाही. आता तर तयार रुखवत विकत मिळते. पण कापड हातात घेऊन, उलटून पाहण्याची वस्तू आहे, ही समज त्या पाहणीत होती. ती पुढे 'सुस्वागतम्' आणि दोन पोपटांच्या चौकटीत हरवली. बैठकीत काचेआड टांगलेले ते फुलीकाम आपल्या मध्यमवर्गीय घरांतील पहिले 'प्रदर्शित' भरतकाम. तेव्हापासून भरलेले अक्षर म्हणजे भिंतीची शोभा, हे समीकरण पक्के झाले असावे.

आता बांधणीकडे वळू. कागदाच्या पुस्तकाची रीत कापडाला का लागू पडत नाही, हे आम्हांला इतवारीतील एका वयस्क बांधणीकाराने पंधरा मिनिटांत समजावून दिले. कागदाला स्वतःचा ताठपणा असतो. कापडाला नसतो, त्यामुळे पान उलटताना ते गळते. यंत्राखाली तिन्ही कडा कापून सरळ कराव्या तर कापडाचे धागे निघू लागतात. भरतकामाची जाडी पानाच्या मध्यावर असते आणि शिवणीकडे नुसते कापड. म्हणून पुस्तक पोटात फुगते, पाठीकडे चपटे राहते आणि पुठ्ठे तोंड वासून उभे राहतात. यावर उपाय आहेत. कडा दुमडून हाताने तुरपायच्या. पाठीकडे प्रत्येक दोन पानांमध्ये जाड कापडाची पट्टी घालायची, जुन्या फोटोंच्या अल्बममध्ये असायची तशी, म्हणजे पाठीची जाडी पोटाइतकी होते. दोन पाने पाठीला पाठ लावून मध्ये शिंप्याचे बक्रम घालावे, म्हणजे पान ताठ राहते, असेही त्यांनी सुचविले. हा उपाय दिसायला सर्वांत देखणा आणि नेमका हाच आम्हांला नको होता, कारण त्यात उलट बाजू कायमची आत जाते. चौकटीने जे केले तेच बक्रमाने होणार, फक्त फेविकॉलशिवाय.

त्यांच्याच दुकानात फळीवर लाल चोपड्या होत्या. जीएसटी आणि संगणक आल्यापासून त्यांचा उपयोग लक्ष्मीपूजनापुरता उरला आहे, असे ते म्हणाले. किराणा ओळ, सराफा ओळ, लोहा ओळ अशी इतवारीतील गल्ल्यांची नावे आहेत. दुकानांच्या रांगेला येथे ओळच म्हणतात. या ओळींचा हिशेब ज्यात पिढ्यान्पिढ्या लिहिला गेला ते हे पुस्तक आम्ही साहित्याच्या मंडळींनी कधी पुस्तक म्हणून पाहिले नव्हते. त्याचे वेष्टन लाल कापडाचे, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे धावदोऱ्यासारखे रांगेने घातलेले टाके. हे टाके शोभेचे नाहीत, कापडाचे थर त्यांनी एकजीव होतात. आत लांबट पाने, रेघांऐवजी घड्या पाडून केलेले रकाने. पुठ्ठ्याची पाठ नाही, म्हणून कितीही जाड झाली तरी चोपडी वाकते, गुंडाळते, मांडीवर सपाट उघडते. वरची झडप पुढे येते आणि दोरीने बांधली जाते. ५ जुलै २०१९ रोजी निर्मला सीतारामन अर्थसंकल्प लाल कापडात घेऊन संसदेत आल्या तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला 'बहीखाते' म्हटले. वास्तविक ते बांधलेले पुस्तक नव्हते, कापडात गुंडाळून दोरीने बांधलेले कागद होते. २०२१ पासून त्या लाल वेष्टनात टॅबलेट असतो. म्हणजे ती चोपडी नव्हे, तो रुमाल.

आणि रुमाल हा तर मराठी दप्तराचा गाभा. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत. अभ्यासक आजही रुमालाच्या क्रमांकाने संदर्भ देतात. चौकोनी कापडाच्या मध्यभागी कागद, चार टोके आत, वर गाठ. पोथीचेही तेच: सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती वस्त्र. शिवणीने पानाला कायमचे जखडणे ही आपल्याकडे ग्रंथ होण्याची पूर्वअट कधीच नव्हती. पोथीचे पान हातात सुटे घेता येते, उलटता येते, वाचून पालथे ठेवता येते. कापडी पानांसाठी याहून अनुकूल व्यवस्था मला दिसत नाही. अडचण एकच: सुटे पान हरवते किंवा कोणी 'जरा दाखवायला' नेते. आमचा अनुभव वर आलाच आहे.

म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. त्याला वर्गाने 'बाराबंदी' असे नाव दिले आहे. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला त्याच कापडाचे तीन बंद शिवले. बंद एकमेकांना आणि वेष्टनाला गाठीने बांधायचे. बांधले की ग्रंथ, सोडले की सुटे पान. पाठीला शिवण नसल्याने फुगण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि पानाची दोन्ही अंगे उघडी राहतात. नंतर वाचनात आले की लुईझ बुर्जुआ या शिल्पकार बाईने २००२ मध्ये आपल्या संसारातील जुन्या कापडांचे, लग्नातल्या नावाची आद्याक्षरे भरलेल्या हातरुमालांचे, एक पुस्तक केले होते आणि त्याची पाने काज-बटणांनी जोडलेली होती, म्हणजे काढून भिंतीवर लावता यावीत आणि पुन्हा पुस्तकात घालता यावीत. २००४ मध्ये त्याची आवृत्तीही निघाली. नव्वदी गाठलेल्या त्या बाईला आणि आमच्या मुलींना एकच युक्ती सुचावी, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. कपडे घालणाऱ्या कोणालाही ती सुचेल. सुचत नाही ती फक्त पुस्तकांच्या सहवासात फार वर्षे काढलेल्यांना.

मांडणीबाबत माझी मते थोडक्यात. दोऱ्याला उजेड सोसत नाही. वस्त्रे मांडताना साधारण ५० लक्सच्या आतच उजेड ठेवण्याचा संग्रहालयांचा प्रघात आहे. प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर नागपूरच्या एप्रिल-मेचे ऊन किती लक्सचे पडत असेल, ते पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी सांगावे. कापड काचेला टेकता कामा नये, कारण पावसाळ्यात काचेच्या आतून दमट होऊन बुरशी धरते. टांगायचेच असेल तर वरच्या कडेला नेफा शिवून त्यातून दांडी घालावी आणि पान खोलीच्या मध्ये, दोरीवर वाळत घातल्यासारखे, लोंबते ठेवावे. म्हणजे वाचकाला त्याच्या मागे जाता येते. चार-सहा आठवड्यांनी पाने बदलावीत. सर्वांत वादाचा मुद्दा स्पर्शाचा. हाताच्या घामाने कापड मळते, हे खरेच. तरीही, वर्षातून काही तास तरी, धुतलेल्या कोरड्या हातांनी ही पाने चाळू द्यावीत असे माझे मत आहे. जे पान कोणी उलटणार नाही, त्याला पान कशाला म्हणायचे?

यावर दोन आक्षेप आले. पहिला असा की, हस्तकलेला संहिता म्हटले की उद्या गोधडीलाही म्हणावे लागेल. म्हणावे लागले तर म्हणू; पण येथे प्रश्न अक्षरांचा आहे, आणि अक्षरे वाचण्याचे काम आम्हांला नेमून दिलेले आहे. दुसरा आक्षेप अधिक मोलाचा वाटला, आणि तो एका विद्यार्थिनीनेच घेतला. उलट बाजू दाखविणे म्हणजे बाईची लपवून ठेवलेली धडपड चव्हाट्यावर आणणे नव्हे काय? तिने सुलट बाजू सुबक केली ती जगाला तीच दिसावी म्हणून. लेखकाचे खर्डे त्याच्या इच्छेविरुद्ध छापावेत का, हा जुना वाद येथे नव्या कापडात आला आहे. यावर आम्ही प्रत्येकीला विचारले. सात जणींनी पानाला मागून अस्तर लावायला सांगितले. ते लावले, मात्र सुट्या टाक्यांनी, फक्त वरच्या कडेला. डकवलेल्या पानांच्या चौघींना विचारण्यात अर्थ उरला नव्हता. ती पाने कोणी सोडवू शकेल का याची चौकशी केली. भिजवून ओढले तर टाके तुटतील, असेच उत्तर मिळाले. ती हार्डबोर्डासकट त्याच वेष्टनात ठेवली आहेत, त्यामुळे ग्रंथ एका बाजूला जड झाला आहे.

ग्रंथपालांनी आता हे हस्तलिखित नोंदवहीत दाखल करून घ्यायचे कबूल केले आहे. पृष्ठसंख्येच्या रकान्यात बावीस लिहायचे की चव्वेचाळीस, हा प्रश्न त्यांनी विचारला. चव्वेचाळीस, असे मी सांगितले. बांधणीच्या रकान्यात 'बंद' असे लिहिले गेले आहे. लेखकाचा रकाना अजून कोरा आहे. कांड्या भरणाऱ्या त्या बाईंचे म्हणणे, अक्षरे मुलीची, तिचे नाव लिहा. मुलीचे म्हणणे, बोलणेही आईचे आणि हातही आईचा. माझे मत दोन्ही नावे लिहावीत, आणि आईचे आधी.